निथळत ठेवलेली पाटी

गप्प बसण्यात बगळे सरांचा हात धरणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. हे विधान खुद्द सरांचंच होतं. अर्थात ते त्यांनी मनातल्या मनात केलं होतं. मोठ्याने करण्याचा प्रश्नच नव्हता.

बगळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चिखलात उतरणाऱ्या पक्ष्यांच्या अभ्यासात त्यांनी उभी हयात घालवली होती, आणि अवघडल्यासारखं झालं की ते एका पायावर भार देऊन उभे राहत. एवढ्यावरून खात्यातल्या कुणीतरी त्यांचं नाव ठेवून टाकलं. तरुणपणी एका आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषदेला ‘पक्षी ओळखणारा कुणीतरी बरोबर असू द्या’ म्हणून त्यांना नेलं होतं. मग दर परिषदेला नेत राहिले; त्यांना वगळायचं कुणाला सुचलंच नाही. मंत्री बदलले, पुढच्या खुर्चीतली माणसं बदलली, मागच्या खुर्चीत सर तसेच. पुढच्यांनी बोलायचं आणि सरांनी मागून चिठ्ठी सरकवायची. कितीतरी पाणथळ जागा त्या चिठ्ठ्यांवर तगून होत्या असं आपलं मला वाटतं. सरांना विचारलं तर म्हणत, “छे हो, मी फक्त आकडे देतो.”

तर झालं असं की या खेपेला परिषदेच्या शेवटच्या सकाळी शिष्टमंडळाच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, घसा बसून हॉटेलच्या खोलीत पडल्या. पुढच्या खुर्चीत बसायला सरांशिवाय कुणी उरलं नाही.

“मला बोलता येणार नाही हो,” सर म्हणाले.

“मलाही येत नाहीये,” बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “आणि बोलायचंय कुठे? वाक्य ठरलंय. तुम्ही नुसते बसा.”

ते वाक्य सरांच्या आयुष्याची कमाई होतं. तुतवार नावाचा मुठीएवढा पक्षी हजारो मैल उडून किनाऱ्यावरच्या चिखलात विसाव्याला उतरतो आणि तिथे ताणलेल्या जाळ्यांत अडकतो. पक्षी चिखलात असताना जाळी लावायची नाहीत, एवढंच ते वाक्य. सरांनी तीन महिने मागितले होते. जाळीवाल्या देशाच्या प्रतिनिधीने वर्षानुवर्षं घासाघीस करून ते दोनावर आणले. या गृहस्थांना सगळे ‘तोफ’ म्हणत, कारण ते बोलायला लागले की दुभाषे कानावरचे हेडफोन थोडे लांब धरत.

आता फक्त मंजुरी राहिली होती. तिथली पद्धत सोपी. प्रत्येकासमोर आपल्या देशाच्या नावाची पाटी आडवी पडलेली असते. कुणाला बोलायचं असलं की त्याने पाटी उभी करायची. अध्यक्षबाई विचारणार, “कुणाची हरकत?” सगळ्या पाट्या आडव्याच राहिल्या की हातोडा पडला, वाक्य पक्कं. म्हणजे सरांनी काय करायचं, तर काहीही करायचं नाही. ज्या कामासाठी ते जन्मले होते तेच!

निघण्याआधी त्यांनी घरी फोन लावला.

“आज मी पुढच्या खुर्चीत आहे.”

“बरं,” बायको म्हणाली. “थर्मासचं झाकण घट्ट लावा. गेल्या खेपेला सगळ्या बॅगेला चहाचा वास येत होता.”

“अगं, मी काय सांगतोय—”

“ऐकलं मी. पुढच्या खुर्चीत. झाकण लावा.”

सभागृह गच्च भरलं होतं. सरांच्या मागे, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, शिष्टमंडळातली तरुण वकीलबाई बसली होती.

“सर, घाबरू नका. दोन मिनिटांचं काम आहे.”

“घाबरतोय कोण,” असं म्हणून सरांनी धीर यावा म्हणून एक घोट घेण्यासाठी थर्मास उचलला. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं. ते गडगडत टेबलाखाली गेलं आणि चहा महापुरासारखा कागद, चष्म्याचं घर, माइक असं करत थेट देशाच्या पाटीवर चढला.

सरांनी पाटी उचलली, रुमालाने पुसली आणि उभी करून माइकला टेकवून ठेवली. यात त्यांचा काही दोष आहे असं मला वाटत नाही. घरी भांडी घासायचं काम त्यांच्याकडे, आणि बायकोची शिस्त कडक: धुतलेलं ताट आडवं ठेवायचं नाही, उभं करून निथळू द्यायचं. संसारात मुरलेली सवय परदेशात गेली म्हणून सुटत नाही. मग सर झाकण शोधायला टेबलाखाली शिरले.

वर अध्यक्षबाईंनी विचारलं, “कुणाची हरकत?”, हातोडा उचलला, आणि तो हवेतच राहिला. अख्ख्या सभागृहात एकच पाटी उभी होती. ज्यांनी वाक्य मांडलं, त्यांचीच!

सर झाकण घेऊन वर आले तेव्हा सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता आणि माइकवरचा लाल दिवा पेटला होता.

“सर, पाटी,” मागून वकीलबाई कुजबुजली.

“ओली आहे अजून,” सर मान वळवून कुजबुजले. “थांब जरा.”

माइकने त्यातलं फक्त ‘थांब जरा’ नीट उचललं. दुभाष्यांनी ते इमानेइतबारे सगळ्या भाषांत पोचवलं.

तोफ ताडकन उभी राहिली. “थांबा? कशासाठी थांबा? आम्ही दोन महिन्यांना कबूल झालो. आता स्वतःच्याच वाक्याला हरकत? म्हणजे हे उठून जाणार आणि बाहेर सांगणार, जाळीवाल्यांनी करार बुडवला!”

सरांना सांगायचं होतं की तसं काही नाही. पण समोर लाल दिवा पेटलेला, आणि माइकवर बोलायची त्यांना सवयच नव्हती. म्हणून त्यांनी पुन्हा टेबल पुसायला घेतलं, संथपणे, कोपऱ्याकोपऱ्याने.

“बघा, बघा! आम्हाला उत्तरही देत नाहीत,” तोफ म्हणाली. पण आवाज जरा खाली आला होता. शेजारच्यांशी कुजबुज झाली. “ठीक आहे. अडीच महिने.”

नेमका तेव्हा सरांच्या हाताला भिजलेला कागद लागला. त्यावर त्यांनी काढलेलं तुतवाराचं चित्र होतं. चहात त्याची चोच विरघळून गेली होती. सरांनी खिन्नपणे मान हलवली.

तोफेने रुमालाने कपाळ पुसलं. “तीन! पण त्याउप्पर एक दिवससुद्धा नाही. आता कृपा करून ती पाटी खाली ठेवा.”

तीन हा आकडा ऐकून सर होते तिथेच गोठले. हे निर्विकार धैर्य पाहून मागच्या रांगेतल्या कुणीतरी सुस्कारा सोडला. शेवटी मागून वकीलबाईचा हात आला आणि त्याने पाटी अलगद आडवी केली. हातोडा पडला. टाळ्या एवढ्या झाल्या की सर बिचारे पुन्हा टेबलाखाली जायला निघाले होते.

पण माणूस प्रामाणिक. बाहेर व्हरांड्यात त्यांनी तोफेला गाठलं आणि एका पायावर उभं राहून म्हणाले, “माफ करा. मला हरकत नव्हती. चहा सांडला होता.”

तोफेने त्यांच्याकडे बघितलं, मग हातातल्या थर्मासकडे. आणि पोट धरून हसायला लागली. “कुणाला सांगू नका,” ते गृहस्थ त्यांच्या मानाने हळू, म्हणजे मजल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. “तीन महिने मलाही पटत होते हो. पण करार बुडू नये म्हणून द्यावे लागले, असं आमच्या देशात सांगायची सोय हवी होती. ती तुम्ही केलीत. थर्मासात आहे का काही शिल्लक?”

दोघांनी उरलेला चहा एकाच झाकणातून प्यायला.

घरी परतल्यावर सरांनी बायकोला सगळं सांगितलं. टाळ्यांपाशी आवाज थोडा चढला, तुतवारापाशी थोडा भरून आला. पुढच्या परिषदेलाही सरांनाच पुढे बसवायचं मोठ्या बाईंनी ठरवलंय, हेही सांगून झालं. बायको बॅग रिकामी करता करता ऐकत होती. तिने चहाचा डाग पडलेला सदरा वर धरला, हुंगला, आणि म्हणाली,

“म्हणजे झाकण लावलं नव्हतंतच.”

यावर सर गप्प बसले. पण इथे कोणी अर्धा महिनासुद्धा वाढवून दिला नाही.