पहिले दोन तुकडे

त्या कार्यालयातल्या प्रोग्रामरला एके सकाळी चूक सापडली. चुका शोधण्याचं काम वरच्या मजल्याकडे असल्यामुळे ही बाब नियमबाह्य होती.

चूक साधीच होती. नेटवर्कचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला नेटशी जोडणारा छोटा प्रोग्राम, कामाला लागण्यापूर्वी संगणकाकडे मेमरीचे तीन तुकडे मागे. तिसरा मिळाला नाही, की स्वारी रुसून परत फिरे आणि हातातले पहिले दोन परत करायचं विसरे. थोड्या वेळाने येऊन पुन्हा तीन मागे. आठवड्याभरात संगणक खंक!

हाच ड्रायव्हर प्रोग्रामरच्या ताईच्या वॉर्डात, पेशंटवर नजर ठेवणाऱ्या संगणकात होता. ताई नर्स. "अरे, पडद्यावर पेशंट ठणठणीत आणि खाटेवर बिचारा घामाघूम!" तिने फोनवर सुनावलं. "पडदा गोठलाय हे कळेपर्यंत कुणीतरी जिवानिशी जाईल."

त्याने दुरुस्तीच्या दोन ओळी लिहून वरच्या मजल्यावरच्या समितीकडे पाठवल्या. समितीने चाचणी मागितली. चाचणीसाठी खोली, यंत्र आणि केबल लागे; त्याने तसा अर्ज केला. खोली मिळाली, यंत्र मिळालं, केबल शिल्लक नव्हती. सबब अर्ज बंद झाला.

"मग खोली आणि यंत्र परत घ्या," तो भांडारप्रमुखांना म्हणाला.

"बंद अर्जावर परत कसं घेणार? नवा अर्ज करा."

नव्या अर्जावर दुसरी खोली मिळाली, दुसरं यंत्र मिळालं. केबल नव्हतीच. इतरांचंही तेच चाललं होतं. महिन्याभरात प्रत्येक खोली कुठल्या ना कुठल्या बंद अर्जाच्या नावे कुलूपबंद झाली आणि समितीची बैठक जिन्यात भरली.

"साहेब, हीच ती चूक," तो वरच्या पायरीवरच्या अध्यक्षांना म्हणाला. "आता आपल्यालाच जडलीये."

अध्यक्षांनी गंभीरपणे मान हलवली. "सगळे घरी जा. सगळे अर्ज रद्द. उद्या नव्याने सुरू करू."

दुसऱ्या दिवशी खोल्या उघडल्या. सर्वांनी अध्यक्षांचं अभिनंदन केलं. रद्द अर्जांबरोबर दुरुस्तीच्या त्या दोन ओळीही केराच्या टोपलीत गेल्या होत्या.

दुपारी ताईचा फोन आला. "परत गोठलं रे. काय करू?"

त्याला स्वतःचीच लाज वाटली. "बंद करून चालू कर, ताई."

"आणि तोवर चार नंबरच्या खाटेकडे कोण बघणार?"

वाचकहो, तुम्ही हसू नका. परवा घरचं नेट अडकलं, तेव्हा तुम्हीही बटण बंद करून चालू केलंत आणि ऐटीत म्हणालात, "झालं बघ दुरुस्त!"