दोनशे मेंढरं आणि एक बटण

मरायला टेकलेला खेळ पुन्हा जिवंत कसा करायचा, हे मला विचारा! वाळूजच्या एका कंपनीत मी चौदा वर्षं स्टोअर सांभाळतोय. नटबोल्टच्या डब्यांत ज्याचं मन रमलं, त्याला कंटाळ्यावरचं औषध माहीत नसेल तर कुणाला असेल? हे मी आमच्या गटाला ठणकावून सांगितलं होतं. ग्रुपवर लिहूनसुद्धा दिलं होतं, वर 'सप्रेम नमस्कार' घालून!

गट म्हणजे काय, आम्ही चौघं. एक मी, मल्हारी. दुसरे हबीबचाचा, रिटायर्ड मास्तर. गारखेड्यात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. तिसरा त्यांचा मुलगा फरहान, पुण्यात नोकरीला. चौथी मुलगी गजाला, परभणीत तिचं औषधांचं दुकान आहे. आम्ही कॉम्प्युटरवर एक रानातला खेळ खेळतो. सोपा आहे. रिकाम्या हातानं जंगलात पडायचं आणि मरायचं नाही! लाकडं तोडा, घर बांधा, पिकवा, खा, लांडगे आले की पळा. ज्यानं त्यानं आपापल्या घरी बसायचं आणि माइकवर एकमेकांच्या नावानं ओरडायचं. ते सगळं जंगल फरहानच्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं. तो बंद, तर जंगल बंद.

पहिले दोन महिने काय बहार होती! एकदा चौघांत मिळून एक भाजलेला बटाटा उरला होता. गजालानं त्याचे चार वाटे केले. चाचांनी आपला वाटा मला दिला. म्हणाले, "खा बेटा, लांडग्याला पहिला तूच दिसतोस." मी घरात पोटभर जेवून बसलो होतो, तरी डोळ्यात पाणी आलं!

खरी गोष्ट वेगळीच होती. फरहान पुण्याला गेल्यापासून बापलेकाचं फोनवरचं बोलणं मी भिंतीतनं ऐकलेलं आहे. "जेवलास?" "हौ." "बरं." संपलं! आणि या खेळात तेच दोघं एका कुऱ्हाडीवरून दोन-दोन तास भांडायचे. चाचांचा आवाज मला आधी भिंतीतनं यायचा, मग स्पीकरमधनं. परभणीहून गजाला दोघांनाही झापायची. सगळं घर पुन्हा एका ताटात जेवतंय असं वाटायचं.

पण नव्याचे नऊ दिवस! सहाव्या महिन्यात आमच्याकडं काय नव्हतं? भोवती उंच दगडी कोट. अंगात लोखंडी चिलखत. कोठारात सात पिढ्यांना पुरतील एवढ्या भाकरी, मी स्वतः लेबलं लावून रचलेल्या! लांडगे कोटाबाहेर ओरडून ओरडून निघून जायचे. आता पोट भरलेल्या माणसानं करायचं काय? गजाला यायची, दारात उभी राहायची, "सब ठीक है ना?" म्हणायची आणि जायची. फरहान तर आठ-आठ दिवस फिरकायचा नाही. शेवटी एकटे चाचा गहू कापत बसायचे. मधूनच भिंतीतनं ऐकू यायचं, "अरे, कोणी आलं का?"

एक दिवस फरहान म्हणाला, "मल्हारीभाई, अब क्या करनेका उधर? महिनाअखेरच्या रविवारनंतर बंद करतो. कॉम्प्युटर पण एकाला देऊन टाकतो."

चाचा एवढंच म्हणाले, "ठीक है बेटा." त्या दिवशी भिंतीपलीकडं टीव्हीसुद्धा लागला नाही. मला लई वाईट वाटलं. म्हटलं, मल्हारी, हे जंगल वाचवायचं!

योजना जबरदस्त होती. खेळात आमच्या शहरातल्या शहागंजचा घड्याळाचा टॉवर बांधायचा! चाचांनी पोरांना बोटाला धरून तिथं फिरवलेलं. बघूनच दोघं विरघळतील. टॉवर पांढरा पाहिजे, आणि खेळात पांढरी वस्तू एकच, लोकर. म्हणून मी जंगलातनं हाकून हाकून दोनशे मेंढरं आणली आणि कोटात चाचांच्या गव्हाशेजारी एका वाड्यात कोंडली. मग सवयीप्रमाणं ड्युटीचा तक्ता लावला. सोमवार, कातरणी, गजाला. मंगळवार, वाहतूक, फरहान.

"मल्हारीभाई," गजाला म्हणाली, "दिनभर दुकान में ड्युटी, और अब इधर भी ड्युटी?"

म्हणजे कंटाळा घालवायला निघालो आणि ओव्हरटाइम लावून बसलो! शेवटी सगळा टॉवर मी एकट्यानंच बांधला. घड्याळाचे काटे अकरावर ठेवले, कारण रविवारी सकाळी अकराला उद्घाटन! फरहान म्हणाला, "चलो, पाच मिनिट येतो. बघतो, और फिर बंद."

त्याच आठवड्यात माझी माय, सुगंधाबाई, आमच्या गावाहून, पिशोरहून, गुडघा दाखवायला आली. मायनं आणि माझ्या बापानं तीस वर्षं मेंढरांमागं रान तुडवलेलं. तिनं माझ्या मागं उभं राहून स्क्रीन बघितला आणि तिचा चेहराच उतरला.

"मेंढरं अशी कोंडतेत व्हय रं? खायला काय टाकलंस?"

"माय, खोटी हायत ती."

"मग ओरडायलेत कशाला?"

विषय बदलावा म्हणून मी तिला माझी शान दाखवली. "हे बघ माय. हे एक बटण दाबलं की वाड्याचं आणि कोटाचं, सगळी पाचही फाटकं एकदम उघडतेत. मी बनवलंय! पण तू हात लावू नको बरं का."

माय मान हलवत होती. तिनं अर्धंच ऐकलं होतं, हे मला नंतर कळलं.

रविवारी साडेदहाला सगळी तयारी झाली. माझा गडी खेळात त्या बटणापाशी उभा. बायको, सत्यशीला, म्हणाली, "अहो, उद्घाटन आहे तर चाचांकडं काहीतरी गोड द्यायला नको का?" बरोबर होतं! मायला खुर्चीत बसवलं, "नुसतं बघ" म्हणून बजावलं आणि मी जिलेबी आणायला गेलो.

पुढचं मला सत्यशीलानं सांगितलं. ती ओट्यापाशी कांदा चिरत सगळं ऐकत होती.

चाचा माइकवर एकटेच बोलत होते. "गहू निघाला, पण जमिनीचा कस गेला. दुसऱ्यांदा पेरलं तर बोटभर उगवतंय. खत नाही ना!"

माय स्पीकरकडं तोंड करून म्हणाली, "हबीबभाई, हितं दोनशे मेंढरं रिकामी उभी हायत. बसवू का तुमच्या रानात?"

आता शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडं पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावतो. मेंढरं त्या रानात बसतात, लेंडीखत पडतं, बदल्यात धनगराला धान्य मिळतं. चाचांच्या वडिलांची जमीन कन्नड तालुक्याच्या अंगाला; हे सगळं त्यांनी लहानपणी बघितलेलं. दुसऱ्या कुणी नुसतं हसून सोडलं असतं. पण हे दोघं सौद्याला बसले!

"बसवा की, सुगंधाबाई! दोन पोती गहू तुमचा."

"अडीच."

"दोन, आणि वर एक भोपळा."

"ठरलं!" माय म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

पाचही फाटकं एकदम उघडली. सहा महिन्यांत पहिल्यांदा!

मी जिलेबी घेऊन जिन्यात आलो तर आमच्या घरातनं आवाज, "हुर्रर्र! हुर्रर्र!" बाप गेल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. अंगावर काटा आला! आत धावलो. स्क्रीन पांढराफटक. मला वाटलं, वा, आपला टॉवर! नीट बघितलं तर टॉवर मागं होता. पुढं सगळी मेंढरं होती. चाचांच्या रानात मोजून दहा गेली असतील. बाकीची गावभर!

तेवढ्यात उद्घाटनाला गजाला आणि फरहान हजर झाले.

"अब्बा!" गजाला किंचाळली, "मेरे कांच के घर में बकरियां घुस गयां!"

"बकऱ्या न्हाईत, मेंढरं हायत!" माय गरजली. "एवढं शिकून एवढंबी कळंना व्हय?"

"ये कौन बोल रहा है?"

"माझी माय आहे," मी मागनं ओरडलो. "माय, ऊठ! मला बसू दे!"

"गप बस. कळप फुटलाय."

आणि मग लांडगे आले. का येणार नाहीत? फाटकं सताड उघडी, आत दोनशे मेंढरं! सहा महिने उपाशी असलेल्यांना आयतं पंगतीचं आमंत्रणच गेलं म्हणा ना. फरहान पाच मिनिटांसाठी आला होता, त्यामुळं चिलखत घातलं नव्हतं. नुसत्या बनियनवर उभा! त्याच्यामागं तीन लांडगे लागले.

"अब्बा, बचाव! मी तर बंद करायला आलो होतो!"

"इकडं ये बेटा, माझ्याकडं!" चाचांचा आवाज भिंतीतनं आला, स्पीकरमधनं आला, आणि मला वाटतं गल्लीतनंही आला. मास्तर विळा घेऊन लांडग्यावर धावले. विळा! गहू कापायचा!

"अय बनियनवाल्या!" मायनं हुकूम सोडला. "मेंढरात घुसू नको, बुजतेत! खालच्या अंगानं जा! पोरी, तू फाटक धर! हबीबभाई, म्होरक्याला वळवा!"

काय सांगू! माझ्या ड्युटीच्या तक्त्याला ज्यांनी तीन आठवडे भीक घातली नव्हती, ते तिघं मायच्या एका हाकेसरशी पळत होते. कुणी विचारलं नाही, का? कुणी म्हणालं नाही, बोअर होतंय. मी जिलेबीचा पुडा छातीशी धरून नुसता उभा. कुणाला माझी गरजच नव्हती! पाक शर्टावर ओघळत होता, तेही सत्यशीलानंच सांगितलं.

फाटकाशी गजालाला एका लांडग्यानं गाठलं. तिनं हातातली पेटती मशाल त्याच्यावर फेकली. लांडगा हुशार, बाजूला झाला. मशाल गेली सरळ टॉवरवर!

लोकर कशी जळते, हेही आता मला विचारा. तीन आठवड्यांची मेहनत, एक मिनिटसुद्धा लागलं नाही! तळ, कमानी, घड्याळ, वरचा कळस, सगळं भुर्रकन गेलं. उजेडानं लांडगे मात्र जे पळाले ते पुन्हा दिसले नाहीत.

म्हटलं, संपलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आता फरहान कॉम्प्युटर बंद करणार.

आणि भिंतीपलीकडं चाचा हसायला लागले. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. मग फरहान. मग गजाला. "बनियनवाला!" म्हणायची आणि पुन्हा सुरू! पाच मिनिटं तिघं नुसते हसत होते. भिंतीला कान न लावता मला सगळं ऐकू येत होतं. खोटं कशाला बोलू, मीही हसायला लागलो. टॉवर माझा जळला होता तरी!

"मल्हारीभाई, सॉरी हां," गजाला म्हणाली, "टॉवर लई छान होता."

"तू बघितलास कुठं?"

"जळताना दिसला ना!"

मायला हसण्याशी घेणंदेणं नव्हतं. ती बोटांनी जोड्या लावून मेंढरं मोजत होती. "एकतीस राहिली. एकशे एकोणसत्तर जंगलात पळाली."

"अब्बा," फरहान म्हणाला, "काच फुटली, फाटक मोडलं, गहू तुडवला. कल सात बजे सब आओ. और चिलखत पहनके!"

"अन् कॉम्प्युटर?" मी विचारलं. "देणार होतास ना कुणाला?"

"कौनसा कॉम्प्युटर?" फरहान म्हणाला.

त्याला आता दीड महिना झाला. रोज संध्याकाळी सातला सगळे हजर! लांडग्यांना आमचा पत्ता सापडलाय, त्यामुळं रोज काहीतरी मोडतं आणि रोज बापलेक त्यावरून भांडतात. चाचांच्या रानात दहा मेंढरं बसली तेवढ्या तुकड्यात गहू कमरेएवढा आलाय. खेळात लेंडीखत चालतं, हे सहा महिने खेळून आम्हा चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं! मायचा दोन पोती गहू आणि भोपळा चाचांनी कोठारात वेगळा काढून ठेवलाय. माझ्या लेबलासकट.

राहता राहिली ती पळालेली मेंढरं. त्या दिवशी सवाल आला होता, ती आणणार कोण? माय म्हणाली, "मल्हारी आणील. घरचाच हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या असणार, कारण विरोधाचा आवाज आला नाही.

माझ्या हातात काठी येऊ नये म्हणून बापानं मला पिशोरहून उचलून इथं बोर्डिंगात घातलं होतं. बी.कॉम. केलं. नोकरी केली. आणि आता कंपनीतनं आलो की हातपाय धुऊन चहा घेतो आणि मेंढरं राखायला जातो! माय मागं खुर्ची टाकून बसते. गुडघा केव्हाच बरा झालाय, पण कळप जमा झाल्याशिवाय पिशोरला जाणार नाही म्हणते.

काल मात्र कमाल केली. डोंगरापलीकडनं एका दमात पाच आणली! लांडगे चुकवून, नदी ओलांडून! वाड्याचं फाटक लावलं आणि छाती फुगवून मागं वळून बघितलं. मायनं चष्मा पुसला, पुढं वाकली आणि डोळे बारीक करून बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिली.

"चांगलं केलंस बाबा," ती म्हणाली. "पन ह्यातलं एक बकरू हाय."