मूठभर सुधारणा

"वसुंधराचा डबा तेवढा खाली देऊन या," पायात चपला सरकवता सरकवता शोभाबाई म्हणाल्या. "आणि रिकामा देऊ नका."

"का?" चारुदत्त बिवलकरांनी विचारलं.

"का म्हणजे? दुसऱ्याचा डबा रिकामा परत देतं का कुणी? दोन चमचे साखर घाला, नाहीतर काहीतरी घाला." एवढं बोलून त्या दळणाची पिशवी उचलून गिरणीकडे निघून गेल्या.

'का' हा चारुदत्तांचा फार जुना सोबती. सरकारच्या नियोजन खात्यातून ते निवृत्त झाले आणि देशाचं नियोजन हातून सुटलं, म्हणून त्यांनी खांदा कॉलनीतल्या आपल्या 'स्नेहदीप' सोसायटीचं हाती घेतलं. विकसनशील देशापुढची आव्हानं आणि सुधारणा, हा विषय त्यांना आमटीत मीठ कमी पडलं तरी सुचत असे. सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी पाहुण्यांची नोंद मोबाइलवर आणली, त्यामुळे पाहुणे यायचे कमी झाले. जिन्यातले दिवे आवाजावर लागणारे आणि आपोआप विझणारे बसवले, त्यामुळे लोक टाळ्या वाजवत जिना चढू लागले. तरी चारुदत्त खचले नाहीत. सुधारणा म्हटली की सुरुवातीला त्रास व्हायचाच, असं ते शांतपणे सांगत. त्रास दुसऱ्यांना होत असल्यामुळे त्यांना ते सोपं जात होतं.

सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे आवारातला कंपोस्टचा ड्रम. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपापल्या आवारातच जिरवायचा, नाहीतर तो उचलला जाणार नाही, असं महापालिकेने कळवलं होतं. सर्वसाधारण सभेत यावर बरीच आदळआपट झाली. शेवटी ठराव झाला तो असा: ड्रम करून बघावा, आणि तपासणीत नापास झाला तर यापुढे सगळ्यांनी ओला कचरा सेक्रेटरींच्या दारात नेऊन ठेवावा. सोसायटीत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव होता.

आणि आज ती तपासणी होती. आसपासच्या सोसायट्या वासापायी नापास झाल्याच्या बातम्या येत होत्या. चारुदत्तांना रात्रभर आपल्या दारात भेंड्यांची देठं आणि माशांची खवली दिसत होती. बिचाऱ्यांनी कष्टात कसूर केली नव्हती. कचरा कुजवणारी तपकिरी पावडर ते रोज सकाळी स्वतःच्या हाताने ड्रममध्ये मूठभर टाकत. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही. पावडर प्लास्टिकच्या पिशवीतून आली होती, पण प्लास्टिक घरात नको म्हणून त्यांनी ती शोभाबाईंच्या स्टीलच्या डब्यात ओतून ठेवली होती. खालच्या फळीवर, डावीकडून दुसरा डबा. घरात काय कुठे आहे हे विचारत बसणाऱ्या पुरुषांपैकी आपण नाही, याचा त्यांना अभिमान होता.

वसुंधराचा डबा हातात घेऊन ते साखरेपाशी गेले आणि थबकले. साखर. ज्या देशात घरटी एकाला मधुमेह, तिथे शेजारधर्म म्हणून साखर वाटायची. तेवढ्यात त्यांना एक कल्पना सुचली. तळमजल्यावरची वसुंधरा सगळा कचरा अजून एकाच पिशवीत कोंबायची. तिलाच घरच्या घरी खत करायला लावलं तर? परंपराही पाळली जाईल आणि देशही पुढे जाईल. त्यांनी खालच्या फळीवरचा डावीकडून दुसरा डबा काढला. तळाशी होती नव्हती तेवढी पावडर वसुंधराच्या डब्यात ओतली आणि खुशीत खाली गेले.

वसुंधरा कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. तिने डबा घेतला, हात जोडून हसली आणि दार लावलं. रोज एक मूठ टाकायची, हे नंतर सांगू, असं ठरवून चारुदत्त ड्रमपाशी गेले.

तिथे कमळी ड्रमचा दांडा फिरवत होती. ती वाडीवरून रोज येई आणि आसपासच्या सोसायट्यांचा कचरा वेगळा करी.

"काका, ह्यो ड्रम फिरवला का मना भूक लागते," ती म्हणाली. "दुसरीकडं नाकाला पदर लावावा लागतो. हितं नाय."

"श्रमाने भूक लागतेच," चारुदत्त म्हणाले. त्यांचं नाक सायनसने वर्षानुवर्षं बंद होतं, त्यामुळे वासाच्या बाबतीत ते इतरांच्या चेहऱ्यांवर अवलंबून असत. कमळीचा चेहरा त्यांना ठीक वाटला.

स्वच्छता निरीक्षक नीता मॅडम वेळेवर आल्या, तीच पहिली पंचाईत. कारण समितीतलं एकही माणूस खाली आलं नव्हतं. तेवढ्यात मीटिंग आटपून वसुंधरा दारात आली.

"मॅडम, आधी आत या. सकाळपासून उन्हात फिरताय. दोन घास खा, मग ड्रम बघा. तो कुठे जातोय?"

ड्रम बघण्याआधी मॅडमच्या पोटात काही गेलं तर बरंच, असा विचार चारुदत्तांनीही केला. तेही आत जाऊन बसले. वसुंधराने मॅडमपुढे गरमागरम थालीपीठ ठेवलं. वर लोण्याचा गोळा. मॅडमनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"काय खुसखुशीत झालंय हो. भाजणी घरची?"

"घरची, पण माझ्या नाही, यांच्या घरची," वसुंधरा म्हणाली. "काकूंनी सकाळीच पाठवली. काकाच आणून देऊन गेले ना डबा. सगळी संपवली बघा."

चारुदत्तांच्या हातातला पाण्याचा पेला तोंडाशी पोचलाच नाही. पिशवीवर लाल अक्षरांत छापलेलं त्यांना लख्ख आठवलं: खाण्यासाठी नाही. खाली एक कवटी होती की नव्हती, ते मात्र आठवेना. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला सेक्रेटरीने कचरा कुजवायची पावडर लोणी लावून खाऊ घातली, असा मथळा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"मॅडम," ते म्हणाले, "आपण आधी ड्रम बघू या."

"बघू की. हे संपवते."

"तेलकट आहे हो. तुम्हाला अजून उन्हात फिरायचंय."

"काका," वसुंधराचा आवाज जरा चढला, "चमचाभर तेलात केलंय मी."

"तसं नव्हे. मलाच फार भूक लागली आहे," असं म्हणून चारुदत्तांनी मॅडमच्या पुढची ताटली ओढली आणि उरलेलं थालीपीठ दोन घासांत तोंडात कोंबलं. नीता मॅडमचा हात लोण्याच्या दिशेने जाता जाता हवेतच राहिला. वसुंधरा शरमेने लाल झाली आणि घाईघाईने तव्यावरचं दुसरं घेऊन आली. चारुदत्तांनी तेही वरच्यावर उचललं. तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, पण देशसेवेच्या निष्ठेने ते चावत राहिले.

"बिवलकरसाहेब घरी जेवत नाहीत का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"आज काय झालंय यांना कळत नाही," वसुंधरा तिसरं आणत म्हणाली. हे तिने मॅडमच्या हातातच दिलं.

चारुदत्तांनी गॅलरीत जाऊन शोभाबाईंना फोनवर फोन लावले. घंटी वाजत राहिली. गिरणीच्या घरघराटात ती कुणाला ऐकू जाणार? मागे वळून पाहतात तो मॅडमनी तिसऱ्यातलं अर्धं संपवलेलं. आता मात्र त्यांचा धीर सुटला. माणूस हट्टी होता, पण वाईट नव्हता. पास-नापास, ठराव, दारातली भेंड्यांची देठं, सगळं बाजूला सारून ते खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"मॅडम, ते खाऊ नका. ती भाजणी नाही. कंपोस्टची पावडर आहे. मीच दिली. वसुंधराचा काही दोष नाही."

वसुंधरा हातातल्या उलथन्यासकट खुर्चीत बसली. मॅडमनी तोंडातला घास गिळावा की नाही याचा थोडा विचार केला, आणि तो गिळला गेला.

"काय असतं त्या पावडरीत?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"जिवाणू," चारुदत्त म्हणाले. "चांगले असतात. म्हणजे कचऱ्यासाठी चांगले."

"आणि ते काय करतात?"

"ओलं जे काही असेल ते कुजवतात."

हे सांगायला नको होतं. मॅडमनी पोटावर हात ठेवला. वसुंधराला आपणही तव्यापाशी उभ्या उभ्या एक कोपरा खाल्ल्याचं आठवलं आणि ती रडू लागली. "काका, तुम्हाला साखर नव्हती का हो मिळत?" चारुदत्त गरम पाणी प्या म्हणाले, मॅडम रिक्षा बोलवा म्हणाल्या. चारुदत्त रिक्षासाठी दार उघडतात तो समोर खांद्यावर पिठाची पिशवी घेतलेल्या शोभाबाई.

"सोळा मिस्ड कॉल? कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"अजून कोणी नाही," चारुदत्त म्हणाले आणि सगळी हकीकत सांगून मोकळे झाले. शोभाबाईंनी मॅडमच्या ताटलीतला एक तुकडा मोडला, हुंगला आणि तोंडात टाकला. वसुंधराने डोळे गच्च मिटले.

"धणे जरा जास्त झालेत," शोभाबाई चावता चावता म्हणाल्या. "बाकी माझीच भाजणी आहे ही."

"पण खालच्या फळीवरचा, डावीकडून दुसरा..."

"अहो, ती तुमची पावडर आंबूस वास मारत होती. माझ्या स्वयंपाकघरात ठेवू का मी ती? कधीच वॉशिंग मशीनच्या मागे नेऊन ठेवली. त्या जागी भाजणीचा डबा ठेवला."

खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. वसुंधरा रडता रडता हसायला लागली. नीता मॅडमनी पोटावरचा हात काढला, ताटली पुढे ओढली आणि उरलेलं थालीपीठ निगुतीने संपवलं. चारुदत्तांना तर इतकं हलकं वाटलं की त्यांनी वसुंधराची चक्क माफी मागितली. आयुष्यात इतकं सुख त्यांना कुठल्या बढतीनेही दिलं नव्हतं.

"तरीच," शोभाबाई पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, "या महिन्यात दुसऱ्यांदा दळून आणावी लागली. एवढी भाजणी जाते कुठे, तेच कळेना."

चारुदत्तांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. भाजणी कुठे जात होती ते या खोलीत एकट्या त्यांनाच कळलं होतं. ती रोज सकाळी मूठभर, त्यांच्याच हाताने, ड्रममध्ये जात होती. म्हणजे ड्रममध्ये पावडर नव्हतीच. म्हणजे आत काय झालं असेल ते देव जाणे.

"चला," नीता मॅडम हात पुसत उठल्या, "आता ड्रम बघू."

जिवंत माणसाने स्वतःच्या अंत्ययात्रेत चालावं तसे चारुदत्त मागून निघाले. कमळीने झाकण उघडलं. चारुदत्तांचं नाक बंद असल्यामुळे ते मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मॅडम वाकल्या. आणखी वाकल्या. मग त्यांनी एक मूठ खत हातात घेऊन बोटांनी चुरडलं. काळंभोर, मोकळं, भुसभुशीत.

"मी या पट्ट्यातले सगळे ड्रम पाहिले," त्या म्हणाल्या. "असं खत नाही बघितलं. वास नाहीच, उलट काहीतरी खमंगच येतंय. काय टाकता यात?"

आजच्या दिवसापुरती चारुदत्तांची खोटं बोलायची ताकद संपली होती.

"भाजणी," ते म्हणाले.

नीता मॅडम मनापासून हसल्या. "सर, अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेला नाहीत तुम्ही. घरी जाऊन जरा पडा."

"खरंच सांगतो."

"पावडर सगळेच टाकतात हो. फरक असतो तो देखरेखीचा," मॅडम म्हणाल्या आणि मोबाइलवर 'पास'च्या चौकोनात टिचकी मारली. "पुढच्या महिन्यात सगळ्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना बोलावतेय. तुम्ही या, तुमचा अनुभव सांगा. देशाचं भवितव्य आणि कचरा, असा काहीतरी विषय ठेवू."

मॅडम गेल्या. ओला कचरा आता आपल्या दारात येणार नाही, ही जाणीव चारुदत्तांच्या अंगात सावकाश उतरत गेली, आणि दोन मजले ते दिव्यासाठी टाळ्या न वाजवताच चढले. घरात शिरताच ते खुर्चीत बसले.

"भाषणात काय सांगणार आहात?" शोभाबाईंनी ताज्या पिठाची पिशवी छातीशी धरूनच विचारलं.

"देखरेख."

"बरं. आणि उद्या सकाळी ड्रममध्ये काय टाकणार? ही मिळायची नाही, आत्ताच सांगते. ही माणसांची आहे. ड्रमची भाजणी ज्याची त्याने करायची."

चारुदत्तांनी वॉशिंग मशीनकडे पाहिलं. आपल्या दाराकडे पाहिलं. मग ते उठले, ओट्याखालून कढई काढली आणि जन्मात पहिल्यांदाच विचारलं, "शोभा, धणे कुठल्या डब्यात आहेत गं?"