लवंगीचं मागचं दार

एका जंगलात, बाळांनो, राजाची गुहा झाडायलाही चारित्र्य तपासून नोकर घेत. राजा स्वतः कोणाला खाऊन राजा झाला, हे मात्र कोणी तपासत नसे.

त्या जंगलात लवंगी नावाची एक ससीण होती. कामाला चोख. दुष्काळ पडला, नवरा ठिपक्या पायाने अधू, म्हणून ती झाडूच्या नोकरीसाठी गेली.

तपासणीला विश्वासराव कोल्हे बसले होते.

"बिळाला तोंडं किती?"

"दोन, साहेब."

"मागचं कुठे उघडतं?"

लवंगीचे कान ताठ झाले. "साहेब, ते आम्ही सोयऱ्यांनाही सांगत नाही. झाडूचा आणि त्याचा काय संबंध?"

"लपवण्यासारखं काही नसेल, तर घाबरतेस कशाला?" विश्वासराव गोड हसले. "सगळं गोपनीय राहील."

घरी चूल थंड होती. लवंगीने सांगून टाकलं, "करवंदीच्या जाळीत." सांगताना तिला उघडं पडल्यासारखं वाटलं.

ती कामावर रुजू झाली त्याच दिवशी बिळाच्या पुढच्या तोंडाशी कोणीतरी ओरडलं, "पडताळणी!" ठिपक्या घाबरून मागच्या तोंडाने लंगडत निघाला. करवंदीच्या जाळीत तरस बसलं होतं.

लवंगी रडत विश्वासरावांकडे धावली. "मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं!"

"आणि आम्ही फक्त आमच्या विश्वासू भागीदारांना," विश्वासराव म्हणाले. "बाहेर कुठे गेलं?"

ती राजासमोर उभी राहिली. राजाने जांभई दिली. "तरसाची तपासणी झाली होती का?"

"झाली, महाराज," विश्वासराव म्हणाले. "त्याने काहीच सांगितलं नाही, म्हणून काहीच आक्षेपार्ह सापडलं नाही."

"मग ते स्वच्छ आहे," राजा म्हणाला.

लवंगीने त्याच संध्याकाळी टेकडीपलीकडे नवं बीळ खणलं. नखं रक्ताळली, पण पत्ता कोणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी विश्वासरावांनी तिला कामावरून काढलं.

"माझी चूक काय?"

"तू दिलेला पत्ता खोटा निघाला. तिथे आता कोणीच राहत नाही."

गुहा झाडायला तरसाला ठेवलं. त्याने झाडू काही उचलला नाही, पण गुहेत हाड मात्र एकही उरत नसे. राजा फार खूश झाला.

तात्पर्य : बाळांनो, प्रामाणिक प्राण्याने साहेबांपासून काहीही लपवू नये. नाहीतर त्याला खाणाऱ्यांना उगाच वणवण करावी लागते.