लॅपटॉपची कुंची

एका जंगलात, मुलांनो... कुठल्या ते विचारू नका. विचारलंत की लगेच मोबाइल काढाल, नकाशा बघाल आणि गोष्ट राहील बाजूला. तर एका जंगलात गोदाक्का नावाच्या एक अस्वलीणबाई राहत होत्या. सोबत त्यांचे यजमान, अण्णा. अण्णा फारसं बोलत नसत. लग्न झाल्यावर सुरुवातीला त्यांनी एकदोनदा प्रयत्न केला होता, पण मध्ये जागाच मिळाली नाही.

त्यांना एकच मुलगा, मुकुंद. तो खूप शिकला आणि दूर उत्तरेला बर्फाच्या जंगलात नोकरीला गेला. तिथे अस्वलांना पगार चांगला मिळतो आणि हिवाळाभर झोपायला भरपगारी रजाही मिळते. पुढे लग्न करून तो बायकोलाही घेऊन गेला. तिचं नाव केतकी. निघताना दोघं म्हणाली, "येतो लवकरच." निघताना सगळेच असं म्हणतात. तुम्हीही म्हणाल.

मुकुंदाने आईवडिलांसाठी एक लॅपटॉप पाठवला. दर रविवारी सकाळी त्यावर एकमेकांची तोंडं बघायची, बोलायचं, असं ठरलं. गोदाक्कांनी लॅपटॉपला ओवाळलं. त्याच्या बटणांवरचं प्लास्टिक काढायला अण्णांनी पंजा पुढे केला, तेव्हा त्यांनी तो पंजाच बाजूला केला. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नसतं, ते आपोआप फाटून जाईपर्यंत वाट बघायची असते. हे तुमच्या आजीलाही ठाऊक आहे.

मग गोदाक्कांच्या मनात आलं, की हे बाळ इतक्या लांबून आलंय, वाटेत वारा लागला असेल. त्यांनी लोकर घेतली आणि लॅपटॉपसाठी कुंची विणली.

तुम्हाला कुंची माहीत नसेल. तान्ह्या बाळाला घालतात. डोक्यावर टोपी आणि मागे पाठभर सोडलेली झूल. ही कुंची लाल होती, हिरव्या काठाची. टोपीतून पडदा तेवढा दिसायचा, बाळाचं तोंड दिसतं तसा. मागची झूल गोदाक्का लॅपटॉपच्या खाली नीट खोचून ठेवायच्या. चुकूनही वारा आत जायला नको.

आता रविवारी काय व्हायचं ते ऐका.

सकाळी मुकुंद आणि केतकी पडद्यावर दिसायची. जेवलात का, तिकडे बर्फ किती पडला, इकडे मोहाची फुलं किती पडली, शेजारच्या रानडुकराने दुसरं लग्न केलं ते खरं का, असं सगळं बोलणं व्हायचं. लॅपटॉप आतल्या आत घरघरू लागायचा. शेवटी गोदाक्का पदर सावरायच्या, घसा साफ करायच्या आणि ज्यासाठी आठवडाभर थांबलेल्या असायच्या ते विचारायच्या.

"मुकुंदा, मग कधी येणार रे तुम्ही?"

मुकुंद तोंड उघडायचा. आणि पडदा काळा व्हायचा.

एकदा झालं, दोनदा झालं, दर रविवारी होऊ लागलं. गोदाक्कांनी त्याचा अर्थ लावला. आईला अर्थ लावायला वेळ लागत नाही.

"ही केतकीच बटण दाबते," त्या म्हणाल्या. "मी कधी येणार विचारलं, की हिचा हात जातो बघा खाली."

"हं," अण्णा म्हणाले.

"हं काय? माझा मुलगा बोलणार होता. तोंड उघडलं होतं त्याने!"

आणि त्या रडू लागल्या. हसू नका. आपला मुलगा दर रविवारी थोडा थोडा आपल्या हातून सुटतोय, असं त्यांना खरंच वाटत होतं. केतकीसाठी बाजूला काढून ठेवलेला मध त्यांनी रागाने शेजारणीला देऊन टाकला. मग त्याचंही वाईट वाटून पुन्हा रडल्या.

शेवटी अण्णा जाऊन कोल्हेसाहेबांना घेऊन आले. त्यांच्या बिळावर पाटी होती, 'सर्व प्रकारचे कॉम्प्युटर दुरुस्त करून व वाढवून मिळतील.' कोल्हेसाहेबांनी लॅपटॉपला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्यासारखा तापला होता. त्यांनी कुंची पाहिली. खाली खोचलेली झूल पाहिली. आणि त्यांना सगळं कळलं. लॅपटॉपला हवा लागते. ती आत जायला आणि बाहेर पडायला त्याच्या अंगाला भोकं असतात. ती सगळी लोकरीने बुजली होती. बिचारा तापून तापून शेवटी जीव वाचवायला स्वतःच बंद पडत होता.

कोल्हेसाहेब बोलणार, तेवढ्यात समोर मोहाच्या लाडवांचं ताट आलं.

"कुंची मीच विणली हो," गोदाक्का म्हणाल्या. "कशी झालीय?"

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय म्हणाला असता? अगदी बरोबर. कोल्हेसाहेबही तेच म्हणाले. "वा! टाका काय, काठ काय! अक्का, असं काम आता बघायला मिळत नाही."

एवढं बोलून झाल्यावर 'ती काढून फेका' असं कुठल्या तोंडाने म्हणणार? तोंडात तर लाडू होता. म्हणून ते म्हणाले, "याची रॅम कमी पडतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे घास मोठा आणि तोंड लहान. तोंड वाढवावं लागेल."

कोल्हेसाहेबांनी लॅपटॉप बिळात नेला, कुंची काढली, नवी रॅम बसवली. दिवसभर चालवून पाहिला. कुंचीविना तो मस्त चालला. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी कुंची परत घातली, नाडीची सुंदर गाठ मारली आणि लॅपटॉप घरी आणून दिला. मुलांनो, याला सौजन्य म्हणतात.

रविवारी पुन्हा पडदा काळा झाला.

मग कोल्हेसाहेबांनी जुनी हार्ड डिस्क काढून नवी वेगवान डिस्क घातली. एवढं काम केलं म्हणून गोदाक्कांनी लॅपटॉपखाली घालायला एक लोकरी दुपटं विणलं. मग नवी विंडोज घातली. ती घालताना चार्जर थंडगार लागला, म्हणून चार्जरला पायमोजा झाला. शेवटी कोल्हेसाहेबांचं मन त्यांना खाऊ लागलं. त्यांनी खाली ठेवायचा एक पंखेवाला स्टँड आणला. म्हणाले, याच्या पंख्यांनी गार हवा लागेल. गोदाक्का खूश झाल्या. पंख्यांत धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी स्टँडला झबलं शिवलं.

एव्हाना सगळ्या जंगलाला खरं कारण कळलं होतं. हरणं येऊन लाडू खाऊन गेली. रानडुक्कर नव्या बायकोला घेऊन आला. माकडं तर रोज यायची. प्रत्येकजण कुंचीकडे बघायचा, "वा!" म्हणायचा आणि घरी जाऊन इतरांना म्हणायचा, "कुणीतरी सांगायला हवं हो त्यांना." एकदा अण्णाही म्हणाले, "मला वाटतं, ती कुंची..."

"आवडली ना?" गोदाक्का म्हणाल्या. "तुम्हाला पण विणते."

आणि एका रविवारी, गप्पा चालू असताना, साळिंदरमामा आले. हे गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांना कुणी फारसं बोलवत नसे. एक तर बसले की गादी फाडायचे. दुसरं म्हणजे मनात येईल ते बोलायचे.

"मुकुंदा, ओळखलंस का रे?" म्हणत ते पडद्यापुढे वाकले, मुकुंदाने ओळखलं म्हणून खूश झाले आणि वळून निघाले. वळताना पाठीच्या काट्यांत कुंची अडकली, तिच्यासोबत खालचं दुपटं आणि स्टँडचं झबलंही ओढलं गेलं. नाडी सुटली. मामा कुंची पाठीवर घेऊन दाराबाहेर गेले आणि त्यांना पत्ताही नव्हता. गोदाक्कांचं लक्ष मुलाकडे होतं.

त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला.

"मुकुंदा, मग कधी येणार रे तुम्ही?"

मुकुंदाने तोंड उघडलं. पडदा काळा झाला नाही.

गोदाक्का थांबल्या. अण्णा थांबले. पलीकडे मुकुंदही तोंड उघडं ठेवून थांबला. त्यालाही सवय झाली होती ना! पुढचं उत्तर त्याने कधी तयारच केलं नव्हतं. त्याने केतकीकडे पाहिलं. केतकीने छताकडे पाहिलं.

"बघू, आई," मुकुंद म्हणाला.

पण त्या क्षणी गोदाक्कांना ते नीट ऐकूच गेलं नाही. त्या केतकीकडे बघत होत्या. "म्हणजे तू बटण दाबत नव्हतीस?"

"मी?" केतकी म्हणाली. "अहो आई, मला वाटायचं तुम्हीच माझ्यावर रागावून बंद करता!"

मग काय! सासू रडली, सून रडली. दोघींनी एकमेकींना इतके दिवस मनात दिलेल्या शिव्या परत घेतल्या. कुणाला कुठल्या, ते मात्र कुणी सांगितलं नाही. तेही शहाणपणाचंच होतं.

संध्याकाळी साळिंदरमामा उसवलेली कुंची घेऊन परत आले. "अक्का, हे माझ्या पाठीला चिकटून आलं. तुमच्या मशीनचं नाकतोंड ह्यानंच दाबलं होतं की! गुदमरत होतं ते."

गोदाक्कांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. कोल्हेसाहेबांना मात्र बोलावून घेतलं.

"हा म्हणतो ते खरं?"

"खरं आहे अक्का. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तोंडात लाडू होता," कोल्हेसाहेब म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बिघाड सापडला, दुरुस्ती झाली, सासूसुनेचं गोड झालं. पण तुम्ही शहाणी मुलं आहात. तुम्हाला ते 'बघू' आठवत असेल.

पुढच्या रविवारी लॅपटॉप बंद पडला नाही. गोदाक्कांनी विचारलं. मुकुंद म्हणाला, "रजेचं बघतो." त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाला, "यंदा जरा कठीण दिसतंय." नंतर नंतर तो नुसताच कान खाजवू लागला. लॅपटॉप आपला लख्ख चालू. नवी रॅम, नवी डिस्क, खाली पंखे भिरभिरतायत. निसटायला वाट कुणालाच नाही.

"आणखी काय?" मुकुंद विचारायचा.

"काही नाही. तुझं?"

"काही नाही. आणखी काय?"

गोदाक्का गप्प गप्प राहू लागल्या. पूर्वी रागवायला निदान केतकी होती. शिव्या द्यायला मशीन होतं. आता दोघंही निर्दोष सुटली होती आणि उरला होता मुलगा. मुलावर रागवायचं कसं, ते त्यांना येत नव्हतं. मला विचाराल तर, त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे.

काहीतरी बोलायला हवं म्हणून एका रविवारी त्यांनी केतकीला कुंचीची सगळी हकिगत सांगितली. "तो साळिंदर म्हणतो, लोकरीने मशीन गुदमरतं आणि नेमक्या वेळी बंद पडतं. लोकरीने कधी कुणी गुदमरतं का गं?"

केतकीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कान खाजवत होता. त्याच्या तोंडावर ओशाळलेली कळा होती. दर रविवारी ती तिथे असायची.

"आई," केतकी म्हणाली, "मला शिकवाल कुंची विणायला?"

गोदाक्का एकदम सरळ बसल्या. "अगं बाई! काही गोड बातमी?"

"नाही हो. आमच्या लॅपटॉपला करते. इकडे थंडी फार आहे."

गोदाक्कांचे डोळे भरून आले. सून आपल्याकडून काहीतरी मागत होती. मग कितीतरी रविवार फार सुखाचे गेले. इकडे सासू टाका घालून दाखवायची, तिकडे सून घालायची. चुकला की उसवायची. मुकुंद लोकरीचा गुंडा धरून बसायचा. त्या रविवारांत कुणी कुणाला काही विचारलं नाही.

कुंची पुरी झाली. केतकीने तिकडच्या लॅपटॉपला घातली, झूल खाली नीट खोचली. गोदाक्कांनी इकडून दृष्ट काढली. गप्पा झाल्या. तिकडून घरघर ऐकू येऊ लागली.

गोदाक्कांनी पदर सावरला.

"मुकुंदा, मग कधी येणार रे तुम्ही?"

"आई, आम्ही..." मुकुंद म्हणाला. आणि पडदा काळा झाला. या वेळी तिकडचा.

गोदाक्का काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"येतो म्हणणार होता वाटतं," अण्णा म्हणाले.

"हो ना," गोदाक्का म्हणाल्या. "म्हणणारच होता. तोंड उघडलं होतं त्याने."

संध्याकाळी सगळं जंगल लाडू खायला जमलं. गोदाक्का प्रत्येकाला सांगत होत्या, "येतो म्हणता म्हणता बंद पडलं बघा. तिकडचं मशीन जुनं झालंय. रॅम वाढवायला सांगते." कोल्हेसाहेब म्हणाले, "रॅमच असणार." हरणं म्हणाली, "अगदी." कोपऱ्यात साळिंदरमामा उभे होते. त्यांनी मान वर केली. "पण अक्का, तिकडं पण ती भोकं..."

गोदाक्का उठल्या, ताटातला सगळ्यात मोठा लाडू उचलला आणि मामांच्या तोंडात घातला.

"खा," त्या हळूच म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

तात्पर्य : यंत्र बंद पडलं, की लगेच दुरुस्त करायला धावू नये. ते कुणाची लाज राखण्यासाठी बंद पडतंय, ते आधी बघावं. आणि सत्य सांगायचंच असेल, तर लाडू संपल्यावर सांगावं. शहाण्या घरात तो कधी संपू देत नाहीत.