गल्लीतलं बिऱ्हाड

टेम्पो चुकीच्या गल्लीत रिकामा झाला, यात गुरुजींचा काहीच दोष नव्हता. निदान त्यांच्या मते. निवृत्तीनंतर त्यांना 'गाव' या शब्दानं झपाटलं होतं आणि घरात कुणी ऐकेना, म्हणून ते टेम्पोवाल्याला सांगत होते.

"गाव आलं ग्राम या शब्दावरून. पण ग्राम म्हणजे मुळात घरं नव्हेतच! गाड्या घेऊन एकत्र हिंडणारी माणसं. ती जिथं थांबली, तिथं गाव झालं."

"काय सांगता!" असं म्हणत टेम्पोवाल्यानं एक गल्ली आधीच ब्रेक लावला. गुरुजी रंगात आलेले. हमालांनी भराभर सामान उतरवलं, टेम्पो पुढच्या वर्दीला पळाला. गुरुजींनी किल्ली काढली, तर समोर परकंच दार.

मागून त्यांच्या पत्नी, बाई, आल्या. रस्त्यातलं कपाट बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"जन्मभर तुमच्या बदल्यांमागे भाड्याच्या घरांत फिरले. आज माझ्या घरात शेगडी पेटली नाही ना, तर मी भावाकडे निघून जाईन. सांगून ठेवते!"

बाई बोलल्या की करतात. गुरुजींनी घाईघाईनं टेम्पोवाल्याला फोन लावला.

"संध्याकाळी येतो, काका," टेम्पोवाला म्हणाला.

तोवर रिकामी खुर्ची बघून समोरच्या आजी येऊन बसल्या. त्यांना शोधत सून आली, ती पलंगावर टेकली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानातली वीज गेलेली. आरशाचं कपाट उजेडात उभं बघून तो गिऱ्हाईकच घेऊन आला. मग हॉर्न वाजू लागले आणि हवालदार उगवला.

"हे काय मांडलंय रस्त्यात?"

"त्याचं असं आहे, ग्राम म्हणजे मुळात..."

"परवानगी आहे का?"

"साहेब, दाढी करून घेता? आत्ता गर्दी नाही," न्हावी म्हणाला. हवालदारानं गाल चाचपला आणि बसला.

एवढी माणसं बसलेली बघून बाईंनी तिथंच शेगडी पेटवली. चहा झाला, पुन्हा झाला. संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

"चल गं, आपल्या घरात शेगडी पेटवू."

"आता कशी येऊ? दूध तापतंय. तुम्ही व्हा पुढे."

"आणि कपाट राहू द्या!" फेसातून हवालदार ओरडला.

उरलेलं सामान घेऊन गुरुजी नव्या घरात गेले. पलंगावर एकटेच बसले. पलीकडच्या गल्लीतून हसणं ऐकू येत होतं, त्यात बायकोचं सगळ्यात मोठं. इतकं मोकळं हसताना त्यांनी तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. फार एकटं वाटलं त्यांना. आपण तिला कधी हसवलंच नाही की काय? ते उठले आणि दाराला कुलूप लावून परत निघाले.

गल्लीत त्यांच्याच खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ ऐसपैस बसला होता. त्यानं गुरुजींना खालून वर न्याहाळलं.

"काय काका, इथं नवीन दिसता?"

"सरका जरा," कपात चहा ओतत बाई म्हणाल्या, "आमच्यातलेच आहेत ते."