बेडकावरचा मुराळी

आमचे शेजारी नाना कुणाशी हात मिळवत नाहीत. ते तुमचा हात धरतात, खांद्यापासून वर-खाली हलवतात, डोळे मिटून कान देतात आणि निकाल सांगतात, "प्ले आहे." गॅरेजवाले ढिलेपणाला प्ले म्हणतात. जी वस्तू घट्ट बसायला हवी ती हलली की नानांना रात्री जेवण जात नाही.

आम्ही पिंप्राळ्यात राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी आमचं फाटक हलवलं, खुर्ची हलवली, देवघराची चौकट हलवली. मी चहा सांगायला आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर स्वारी माझ्या सासऱ्यांचा गुडघा धरून बसलेली. सासरे त्यानंतर आमच्याकडे फारसे मुक्कामाला आले नाहीत. या एका गोष्टीसाठी मी नानांचं पुढचं सगळं सहन करत आलो आहे.

कॉलनीतल्या एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाचा हात हलवून मुलीच्या बापाला बाजूला घेतलं. मुलगा चांगला आहे, डाव्या खांद्यात थोडा प्ले आहे, पण चालून जाईल, असं सांगितलं. तो बिचारा विहिणींच्या पंगतीत वाढायचं सोडून जावयाच्या खांद्याकडे बघत राहिला.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस नक्की मेकॅनिक असणार. छे हो! नाना आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत होते. फळं, पानं, सूर्योदय आणि तांब्या. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर माणूस नर्मदा परिक्रमेला जातो, नाहीतर पतसंस्थेत संचालक होतो. नानांनी बेडूक घेतला.

बेडूक हे पोरांनी ठेवलेलं नाव. पुढे एक, मागे दोन अशी फुग्यासारखी तीन जाड चाकं, मोटारसायकलचं हँडल आणि मध्ये लांबलचक सीट. वाळू, चिखल, दगडधोंडे, कुठूनही जाणारी गाडी. गुजरातेत जुनी जहाजं तोडतात, तिथल्या भंगारातून ती आली म्हणे. मधल्या मालकाने ती रिसॉर्टवर पोरं फिरवायला घेतली होती; रिसॉर्ट काही झालं नाही. नानांनी ती पिकअपमधून घरी आणली, हिरवा रंग दिला आणि मडगार्डवर हौसेने एक कमळ काढलं.

या बेडकाचं वर्षातून खरं काम एकच. नानांची थोरली बहीण, अक्का, चोपड्याच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी दिली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. अहो, मुराळी म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं! इथे मुराळी सत्तरीचा आणि माहेरवाशीण त्याच्याहून मोठी. गावाच्या अलीकडे एक नाला आहे, नुसता गोट्यांचा. अक्काचे गुडघे गेलेले, अंगाने ती चांगली भरभक्कम. ट्रॅक्टरवर तिला चढता येत नाही. खाटेवर घालून नेऊ म्हटलं तर तिने लेकांना ठणकावून सांगितलं होतं, "चार जनसना खांदावर मी एकच डाव जासू." राहता राहिला बेडूक. त्याच्या फुग्यांवरून तिला नाल्यातून अलगद आणता येतं, असं नानांचं म्हणणं.

यंदा आखाजी तोंडावर आली आणि बेडकाच्या मागच्या चाकांतून घरघर यायला लागली. नानांनी चाक धरून हलवलं आणि त्यांचा चेहराच उतरला. एवढा मोठा प्ले त्यांनी माणसातसुद्धा बघितला नव्हता. मागच्या आसाच्या दोन्ही बेअरिंगा खलास. असंच नाल्यात घातलं असतं तर अक्का एकीकडे आणि चाक दुसरीकडे गेलं असतं.

गॅरेजवाल्यांनी हात वर केले. तेव्हा नाना म्हणाले, आपणच करू. या "आपण"मध्ये मी आहे हे मला जॅकचा दांडा हातात आल्यावर कळलं. आधी त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर रंगीत खडूने मागच्या आसाचं चित्र काढलं. काय चित्र होतं! प्रत्येक भागाला छटा, उजेड डावीकडून. येणारेजाणारे थांबून वाहवा करायचे. मग आम्ही चाकं काढली. आसाचा नट हलेना, तेव्हा पान्याला लोखंडी पाइप लावून त्यावर मला उभं केलं. तो सुटला आणि मी जास्वंदीत पडलो. नानांनी आधी नट उचलला.

एका संध्याकाळी ते माझ्या बायकोला, मंगलला, म्हणाले, "ताई, फ्रीजरमध्ये थोडी जागा होईल का?" तिला वाटलं, कुल्फी असेल. निघाल्या दोन नव्या बेअरिंगा. गार केल्या की त्या अंगाने बारीक होतात. ज्या लोखंडी डब्यात त्या बसवायच्या तो तापवला की फुगतो. मग हातोडा न मारता बेअरिंग आत जाते. डब्याला ते हाउसिंग म्हणत. मंगलने आमरसाचे डबे सरकवून जागा करून दिली, पण चेहरा ठीक नव्हता.

दुसऱ्या दिवशी परसात तिची चूल पेटलेली. माझी बहीण यायची होती म्हणून खापरावर मांडे चालले होते. नाना हाउसिंग पोटाशी धरून आले. मांडे झाले की निखाऱ्यावर हे जरा ठेवू का, म्हणाले. मंगलने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

पण कबूल करतो, पहिल्यांदा बेअरिंग आत गेली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. तापलेलं हाउसिंग, फ्रीजरमधली बेअरिंग, आणि टप्! आपल्या घरी आल्यासारखी जाऊन बसली. हाउसिंग उलटं केलं, दुसरीही टप्! भिंतीपलीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नानांनी मला मिठी मारली, ग्रीससकट.

एवढ्यात मंगलने पुरणाच्या पातेल्याशेजारून एक नळकांडं उचललं आणि हे कशाचं, म्हणून विचारलं.

नाना भिंतीकडे वळले. दोन बेअरिंगांच्या मधोमध, निळ्या छटेत, उत्तम गोलाई देऊन काढलेलं, ते नळकांडं तिथे होतं. गावाने त्याची वाहवा केली होती. बसवलं मात्र कुणीच नव्हतं. ते मध्ये नसेल तर नट आवळला की दोन्ही बेअरिंगा दबून मरणार.

मंगल म्हणाली, पुन्हा तापवा की. म्हणून पुन्हा निखाऱ्यावर ठेवलं आणि पाटावर उपडं करून आपटलं. एक बेअरिंग सुटली, पाटावरून उडाली आणि थेट पुरणात गेली.

मंगलने उलथनं खाली ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिची ती शांतता मला ओळखता येते. मी नानांना खुणेने जा म्हणून सांगत होतो. नाना जागचे हलले नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "ताई, उद्या मी गेलो नाही तर अक्का दिवसभर वाटेकडं बघत बसेल. तिकडं तिला कोण विचारतं? माहेर म्हणून एवढा एक दिवस आहे तिचा."

मंगलने दुसरी डाळ शिजायला टाकली आणि चुलीत पऱ्हाटीच्या काड्या सारल्या. बेअरिंग रॉकेलने धुतली, पुसली, ग्रीस भरून पुन्हा आमरसाशेजारी गेली. या खेपेला नळकांडं मंगलने स्वतःच्या हाताने आत ठेवलं. संध्याकाळी चाक हलवलं तर जागचं हललं नाही. नाना ते परत परत हलवून बघत होते आणि लहान पोरासारखे हसत होते.

सकाळी केळीवाल्याच्या पिकअपमध्ये बेडूक घालून आम्ही निघालो. नाल्याच्या अलीकडे तो उतरवला. नाना पुढे, मी मागे कडं धरून. आवाज नाही, घरघर नाही. पाण्याच्या डबक्यातून, गोट्यांवरून गाडी अशी गेली की मला आमच्या कामाचा अभिमान वाटला.

आता ज्या म्हातारीला कुणी विचारत नाही तिचं घर कसं असेल, याचं एक चित्र मी मनात काढलं होतं. प्रत्यक्षात घर माणसांनी भरलेलं. एक नातसून अक्काच्या गुडघ्यांना तेल चोळत होती, दुसरी तिच्या शेंडीएवढ्या केसांची वेणी घालत होती. पणतू मांडीवर. दोन्ही लेक हात जोडून म्हणत होते, माय, यंदा नको जाऊ, मागच्या वेळी आठ दिवस अंथरुणाला होतीस.

नाना बाहेर सीटवर गोधडी बांधत होते, तेवढ्यात मी अक्काजवळ बसलो. एवढं दुखतं तर कशाला येता, नाना समजून घेतील, असं म्हणालो. अक्काने भरल्या घरावरून हात फिरवला, दाराबाहेर नानांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"माले काय कमी शे भाऊ? आठे बठ्ठा शेतस. तो एकला शे. मी नही गऊ ते त्यानी आखाजी कशी व्हई?"

मग माझा हात दाबून म्हणाली, "त्याले सांगू नको."

मी कसलं सांगतो? इतकी वर्षं मी या माणसाच्या वेडाला हसत होतो, आणि ही बाई दर वर्षी त्या वेडासाठी आपले गुडघे पणाला लावत होती.

लेकांनी धरून तिला सीटवर बसवलं. नाल्यात मी पायी चाललो, गाडीच्या बरोबरीने. नानांनी गाडी इतकी हळू घेतली की मीच पुढे जात होतो. प्रत्येक गोटा आला की ते मागे न बघता विचारत, "अक्का, दुखतंय का गं?"

अक्काने मागचं कडं दोन्ही मुठींनी आवळलं होतं. ओठ दाताखाली, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी उभं. गोटा ओलांडेपर्यंत ती गप्प राहायची. मग पदराने तोंड पुसायची आणि अगदी हसऱ्या आवाजात म्हणायची, "नही रे भाऊ. मजा यी ऱ्हायनी."